चाचणीला न बसणारी मुलं वगळायची का? लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या संशोधनाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली एक पदव्युत्तर विद्यार्थिनी अडीच ते पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांवर प्रबंध करते आहे. आई-वडिलांना घरी खेळायचे काही खेळ शिकवले तर मुलाचा संवाद वाढतो का, हे तिला पाहायचं आहे. सुरुवातीच्या चाचपणीत निम्मी मुलं खोलीत टिकलीच नाहीत, दोन आया दुसऱ्या भेटीला फिरकल्या नाहीत, आणि गाईडचं म्हणणं की ३० मुलं झालीच पाहिजेत. ती विचारते, 'जी बसत नाहीत ती मुलं वगळली तर चालेल का? पालकांना टिकवायचं कसं? आणि ३० चा आकडा गाठायचा कसा?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. वगळू नका. एखाद्या मुलाचा स्कोअर मिळाला नाही तर नाही मिळाला, पण ते मूल कागदावरून गायब करू नका.

लहान ऑटिस्टिक मुलांवरचं बरंचसं संशोधन प्रत्यक्षात बसू शकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांवरचं असतं, आणि लेखाच्या शीर्षकात मात्र 'ऑटिस्टिक मुलं' एवढंच छापलेलं असतं. हे माझं एकटीचं मत नाही. २०१९ मध्ये 'मॉलिक्युलर ऑटिझम' या नियतकालिकात एक मोठा आढावा आला. ऑटिझमच्या नियतकालिकांत २०१६ साली छापून आलेले अभ्यास त्यात तपासले होते. त्यांतल्या ऑटिस्टिक सहभागींपैकी ९४ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. प्रत्यक्षात ऑटिझम असलेल्यांपैकी निदान एक तृतीयांश लोकांना ती असते. म्हणजे ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याबद्दलच आपल्याला सगळ्यात कमी माहिती. हे कोणी ठरवून केलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या प्रबंधात 'सूचना पाळू शकणारी मुलं' अशी एक साधी अट घातली, आणि त्या अटी साचत गेल्या.

म्हणून तुमच्या प्रबंधात एक तक्ता हवाच. किती कुटुंबांना विचारलं, किती हो म्हणाली, किती मुलं खोलीपर्यंत आली, किती टिकली, आणि जी टिकली नाहीत ती कशामुळे. 'असहकार्य' एवढं लिहून मोकळं होऊ नका. दारातूनच परत गेलं, की दहा मिनिटं छान खेळून ठोकळे काढून घेतल्यावर बिनसलं? झोपेची वेळ होती? आधीच्या आठवड्यात याच इमारतीत सुई टोचली होती? हे लिहून ठेवलं तर तुमच्यानंतर काम करणाऱ्याला त्या एका पानाचा उपयोग तुमच्या सरासरीपेक्षा जास्त होईल.

आता मुलं टिकत का नाहीत याकडे येऊ. एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. साडेतीन वर्षांचा मुलगा. खोलीत आल्या आल्या पंख्याखाली जाऊन उभा राहिला आणि मान वर. चाचणी घेणारी मुलगी ठोकळे, बाहुली, साबणाचे बुडबुडे असं सगळं मांडून बसलेली. तिने हाक मारली, "अद्वैत!" काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी काही नाही. फॉर्मवर 'नावाला प्रतिसाद नाही' अशी खूण झाली. तेवढ्यात आईने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला. कागद चुरचुरला आणि हा गर्रकन वळला. मी आईला विचारलं, घरी काय म्हणता? "घरी तर सगळे चिकूच म्हणतात न मॅडम. अद्वैत तं आधार कार्डावर हाय." चिकू म्हणून दुसऱ्यांदा हाक मारल्यावर त्याने मान वळवली. क्षणभरच, मग पुन्हा पंखा.

या पाच मिनिटांत तीन गोष्टी आहेत. पहिली, फॉर्मवरच्या नावाने हाक मारू नका. घरातलं नाव विचारा, आणि ते संशोधनाच्या नोंदपत्रकात आधीच लिहून ठेवा. दुसरी, बिस्किटाच्या पुड्याला वळला म्हणजे कान पूर्ण ठीक, असं नाही. श्रवणाची तपासणी झालेली आहे का ते पाहा. बेराचा, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणाऱ्या श्रवणचाचणीचा रिपोर्ट नसेल तर आधी तो, मग तुमचा अभ्यास. ओळखीचे आवाज पकडणारं पण ठरावीक उंचीचे स्वर कमी ऐकणारं मूल ऑटिझमच्या गटात घुसलं तर तुमचे आकडे बिघडतात, आणि त्याचा इलाजही लांबतो. तिसरी गोष्ट पंख्याची.

फिरणाऱ्या पात्यांमध्ये रमणारं मूल असेल तर पंखा बंद करा, असं परदेशी मॅन्युअल वाचून कोणीही सांगेल. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात पंखा बंद करून बघा. पारा ४५ च्या पुढे, मूल घामाघूम, आई पदराने वारा घालते आहे, आणि त्यात तुम्ही संयुक्त अवधान, म्हणजे मूल दुसऱ्यासोबत एकाच गोष्टीकडे लक्ष देतं का, ते मोजताय. पंख्याऐवजी कूलर लावला तर त्याची घरघर. ती तुम्हाला-मला सवयीने ऐकू येत नाही, पण आवाजाला संवेदनशील असलेलं मूल कानावर हात ठेवून कोपऱ्यात जातं. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये मुलाचे बारीक उच्चार त्या घरघरीत बुडून जातात आणि नंतर कोडिंग करणारा, म्हणजे फीत बघून मुलाच्या कृती नोंदवणारा, डोकं धरून बसतो. एसीची खोली मिळत असेल तर ती भांडून मिळवा. नसेल तर उन्हाळ्यातली माहिती सकाळी आठ-साडेआठलाच गोळा करा, किंवा सरळ जुलै ते फेब्रुवारी असं वेळापत्रक आखा. दुपारी दोनची अपॉइंटमेंट या वयाच्या मुलांना देऊच नका. झोप, भूक आणि ऊन तिन्ही एकदम अंगावर येतात.

पहिल्या भेटीत काहीही मोजायचं नाही, हा माझा नियम आहे. विद्यार्थ्यांना तो चैन वाटतो, कारण प्रत्येक भेटीला पैसा आणि वेळ लागतो. पण ज्या भेटीत मूल फक्त खोली हुंगतं, दार दोनदा उघडून-लावून बघतं, तुमचा चेहरा लांबून तपासतं, ती भेट वाचवली तर पुढच्या दोन वाया जातात. येण्याआधी आईच्या मोबाईलवर खोलीचे, जिन्याचे, तुमच्या चेहऱ्याचे फोटो पाठवा. ती घरी रोज दाखवेल. चाचणी घेणारी व्यक्ती मधेच बदलू नका. मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या ईईजीसारखं डोक्यावर काही घालायचं असेल तर आठवडाभर आधीपासून घरी आंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून, मग टोपी घालून, मग टोपी हनुवटीखाली बांधून अशी तालीम करून घ्या. आणि मुलाच्या हातात जी वस्तू असेल, बाटलीचं झाकण असो की चमचा, ती हिसकावून घ्यायची नाही. एकदा हंबरडा फुटला की त्यानंतरच्या अर्ध्या तासातलं काहीही त्या मुलाची क्षमता दाखवत नाही. तो भाग नोंदीत वेगळा काढा, शून्य म्हणून मोजू नका.

घरी जाऊन माहिती घ्यावी का? तुमच्या विषयासाठी, म्हणजे आई-मुलाच्या खेळासाठी, माझं मत घराकडे झुकतं. घरी मूल मोकळं असतं. पण घराचेही ताप आहेत. टीव्ही चालू असतो, शेजारची दोन पोरं खिडकीत उभी असतात, आणि आजी मागून सारखी सांगत असते, "दाखव न बेटा, काकूले दाखव, मांजर कुठी हाय?" तुम्हाला मुलाची स्वतःहून केलेली कृती हवी असते आणि मिळते आजीने करवून घेतलेली. आजीला बाहेर काढायचं नाही. ते घर तिचं आहे. तिला चहाच्या निमित्ताने नव्हे तर सरळ समजावून सांगा की दहा मिनिटं आपण तिघी गप्प बसून बघणार आहोत. बहुतेक आज्या ऐकतात. घर किंवा केंद्र, जे काही ठरवाल ते सगळ्या मुलांसाठी आणि सुरुवातीच्या व शेवटच्या दोन्ही मोजमापांसाठी तेच ठेवा. आधी केंद्रात आणि नंतर घरी मोजलंत, तर सुधारणा खेळांनी झाली की घराने, हे कोणीच सांगू शकणार नाही.

साधनांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इथे आपल्या गावाचा संबंध आहे. तुमच्या विभागाच्या कपाटात मुलाची रोजच्या व्यवहारातली कौशल्यं मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीची जी प्रत असेल, ती 'नागपूर अ‍ॅडॅप्टेशन' म्हणूनच ओळखली जाते. एडगर डॉल यांच्या अमेरिकन श्रेणीचं भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी केलं ते नागपुरात. भारतीय मुलांसाठीची त्यांची बुद्धिमापन चाचणीही इथलीच. अभिमान जरूर वाटू द्या, पण ही रूपं अर्धशतकापूर्वीची आहेत. चार वर्षांच्या मुलाला आई हाताने भरवते, कारण सांडलं तर सासू बोलते. म्हणून त्याला स्वतः जेवता येत नाही असा निष्कर्ष निघत नाही. 'करत नाही', 'करू दिलं जात नाही' आणि 'करता येत नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि श्रेणीवर तिघींना एकच खूण मिळते. समासात लिहून ठेवा.

निदानासाठी आपल्याकडे दोन भारतीय साधनं आहेत. आयसा म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम हे बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलं. त्यात ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. दुसरं इन्क्लेन या संशोधन-जाळ्याचं निदानसाधन, २ ते ९ वर्षांसाठीचं. याच वयोगटावर आधारलेला इन्क्लेनचा पाच ठिकाणचा अभ्यास, पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद इथला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास १२ टक्के मुलांत कोणता ना कोणता मेंदूविकासाशी संबंधित दोष आढळला होता. त्या पाच ठिकाणांत विदर्भ नाही, हे तुमच्या प्रस्तावनेत लिहिण्यासारखं आहे. एडॉस ही मुलाशी खेळत-बोलत निरीक्षण करायची परदेशी निदानचाचणी चांगली आहे, पण तिला ४० मिनिटं ते तास लागतो, किट महाग आहे आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती घेता येत नाही. झेरॉक्स मारलेल्या नोंदपत्रकावर आणि बाजारातून आणलेल्या बाहुलीवर घेतलेली चाचणी एडॉस नसते. प्रमाणित चाचणीतली वस्तू मनाने बदलली की तिचे कट-ऑफ, म्हणजे निदान ठरवणारे गुणांचे टप्पे, बाद. तुमच्या स्वतःच्या खेळांच्या निरीक्षणात मात्र हवं ते वापरा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल इथल्या बहुतेक मुलांच्या ओळखीचा असतो. त्याला कोणी दोरी धरून चालवतं, कोणी चारा घालतं, आणि कोणी उलटा करून फक्त चाकं फिरवत बसतं. कल्पनेचा खेळ बघायला इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही.

पालकांनी सांगितलेल्या माहितीवर किती विसंबायचं? 'बोटाने दाखवतो का?' असं विचारलं की आई पटकन हो म्हणते. आपण खोदून विचारावं लागतं. तेव्हा कळतं की तो आईचा हात धरून फ्रिजपर्यंत नेतो आणि तिचा हात दारावर ठेवतो. ही मागणी आहे, ठीक आहे, पण विमान दिसलं म्हणून बोट करून 'तूही बघ' म्हणणं ते हे नव्हे. 'त्याले सगळं समजते' हेही तसंच. बाहेर जायची तयारी चालू असताना, आईचे डोळे दाराकडे असताना 'चप्पल आण' म्हटलं तर तो आणतो. सोफ्यावर बसून, कुठेही न बघता, दुपारी तीन वाजता म्हणा. बोलणाऱ्या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. 'तुला पाणी पाहिजे?' हे वाक्य आई रोज म्हणते, म्हणून तहान लागली की मूल तिच्याच सुरात 'तुला पाणी पाहिजे' म्हणतं. शब्द मोजणारा कोडर त्याला तीन शब्दांचं वाक्य म्हणून गुण देतो. त्याला वेगळा रकाना हवा.

आणि पालक नेहमी निरागसपणे उत्तरं देतात असंही धरून चालू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश झाल्यापासून ४० टक्के दिव्यांगत्व या आकड्याला सवलतींच्या दृष्टीने वजन आहे. ज्या घराला प्रमाणपत्र हवं आहे, तिथे तुमच्या प्रश्नावलीवरची उत्तरं थोडी गडद होतात. ज्या घराला जूनमध्ये नर्सरीत प्रवेश हवा आहे, तिथे फिकी होतात. मी यात कोणाला दोष देत नाही. पण तुमचा फॉर्म ना प्रमाणपत्रासाठी जाणार आहे ना शाळेत, हे पहिल्याच भेटीत तोंडी आणि लेखी सांगितलं की उत्तरं बऱ्यापैकी खरी मिळतात.

संमतीपत्राबद्दल. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाची वेगळी औपचारिक अनुमती घ्यावी लागत नाही, पालकांची संमती पुरते. म्हणून मुलाचा नकार मोजायचा नाही, असा अर्थ बरेच जण काढतात. मूल बोलत नसलं तरी नकार देतंच. मान फिरवतं, वस्तू ढकलतं, दाराची कडी धरतं, आईच्या मांडीत तोंड खुपसतं. यातलं काय, किती वेळ दिसलं की थांबायचं, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. उदाहरणार्थ, दाराकडे दोनदा गेलं की पाच मिनिटं सुट्टी. परत येऊन पुन्हा गेलं की आजचं काम बंद. हा नियम कागदावर नसेल तर दबावाखालचा संशोधक 'अजून एकच' म्हणत राहतो, आणि आई संकोचाने गप्प बसते. दवाखान्याच्या आवारात तर ती हमखास गप्प बसते, कारण तिला वाटतं की नाही म्हटलं तर मॅडम उद्या थेरपीला नंबर देणार नाहीत. म्हणून संमती तिच्या मुलावर उपचार करणाऱ्याने घेऊ नये, दुसऱ्या कोणी घ्यावी.

सही एकाची आणि निर्णय चौघांचा, हे आपल्याकडचं चित्र. आई हो म्हणते, घरी गेल्यावर सासरे म्हणतात, "पोट्टं उशिरा बोलीन, त्याचा बापही उशिराच बोलला होता. हे काय नवीन काढलं?" तुमच्या दोन आया परत का आल्या नाहीत हे मला ठाऊक नाही, पण हे एक कारण असू शकतं. संमतीपत्र घरी न्यायला द्या. दोन-तीन दिवसांनी फोन करा. फोनवर आजोबांना बोलायचं असेल तर बोला, तुटकपणा न करता.

उपचार आणि संशोधन यातली गल्लत ही त्याहून कठीण. तुम्ही कितीही वेळा सांगा की हा अभ्यास आहे. दोन वर्षं एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरलेल्या आईला वाटतं, आता हे लोक बोलतं करतील. ही आशा वापरून घेणारे बाजारात आहेतच. ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरीही विचारणा करणारे पालक थांबलेले नाहीत. आणि संशोधकाने मुलांना कसं वागवू नये याचं उदाहरण हवं असेल तर लस आणि ऑटिझमचा खोटा संबंध जोडणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्डचं घ्या. १९९८ चा तो १२ मुलांवरचा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेच्या चौकशीत हेही नोंदलं गेलं की मुलाच्या वाढदिवसाच्या पार्टीत त्याने पाहुण्या पोरांना पाच-पाच पौंड देऊन रक्ताचे नमुने घेतले होते. पालक आजही लसीबद्दल विचारतात. तुम्ही रक्त घेत नसलात तरी तो अविश्वास तुमच्या वाट्याला येतो.

पालक टिकवण्याचा बाकीचा भाग अगदी व्यवहारी आहे. काटोल, उमरेड, रामटेक, पार बालाघाट-छिंदवाड्याहून माणसं मेडिकलला आणि मेयोला, नागपूरच्या या दोन सरकारी रुग्णालयांत, येतात. ज्या आईचा दिवसाचा रोज बुडतो तिला प्रवासखर्च द्या. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला तो तपशीलवार दाखवा, त्यात अडचण येत नाही. दुसऱ्या भेटीची तारीख तिच्या ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या दिवसाला जोडून द्या, की एकाच फेरीत दोन कामं. कॅलेंडर समोर ठेवा. महालक्ष्म्यांच्या आठवड्यात कोणतीही आई येणार नाही. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीतून मुलाला घेऊन निघणं शक्य नाही. गणपतीत ढोल-ताशाने आधीच बिथरलेलं मूल तुम्हाला मिळेल. उन्हाळ्यात लेकरं आजोळी जातात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडेपर्यंत परतत नाहीत. पाठपुराव्याची तारीख यात पडली तर गळती होणारच, मग पालकांच्या 'उदासीनतेवर' परिच्छेद लिहू नका.

आता ३० चा आकडा. त्याला शास्त्रापेक्षा परंपरेचा आधार जास्त आहे. तुमच्या गटात एक मूल पूर्ण वाक्यात ट्रेनची नावं सांगणारं असेल आणि एक अजून आवाजही न काढणारं. या दोघांची सरासरी काढली तर जे मूल तयार होतं ते कोणाच्याच घरी नसतं. शिवाय याच सहा महिन्यांत कोणी स्पीच थेरपी सुरू करतं, कोणी गहू-दूध बंद करतं, कोणी मोबाईल काढून घेतं, कोणी आयुर्वेदाकडे जातं. आणि तीन वर्षांचं मूल सहा महिन्यांत तसंही पुढे सरकतंच. तुलनेचा गट नसेल तर 'खेळांमुळे सुधारणा' हे विधान टिकत नाही. तुलनेचा गट ठेवायचा तर या वयात मदत रोखून धरणं बरोबर नाही. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालूच ठेवावे लागतात.

पालकांमार्फत काम करण्याचा आपल्या भागातला नावाजलेला अभ्यास म्हणजे गोवा आणि रावळपिंडी इथला पास. तो २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त आला. दोन देश, अनुभवी चमू, निधी, आणि मुलं किती? ६५. काम तज्ज्ञांनी नाही तर शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी केलं. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला. तोही त्यांनी छापला. एकट्या विद्यार्थिनीने वर्षभरात ३० मुलांचा नीट अभ्यास करणं म्हणजे काय, याचा अंदाज यावरून गाईडनाही येईल.

माझी सूचना अशी की सहा ते आठ मुलं घ्या आणि एकल-रुग्ण पद्धतीची रचना करा. प्रत्येक मुलाची आधीची पातळी बरेच दिवस मोजायची, मग खेळ सुरू करायचे, पण सगळ्यांचे एकाच दिवशी नाही. पहिल्याचे दुसऱ्या आठवड्यानंतर, दुसऱ्याचे चौथ्यानंतर, असं पुढे. प्रत्येकाचा आलेख त्याचे खेळ सुरू झाल्यावरच चढला, आधी सपाट होता, तर नुसत्या वाढत्या वयाकडे बोट दाखवता येत नाही. इथे प्रत्येक मूल स्वतःशीच तोललं जातं, त्यामुळे ट्रेनची नावं सांगणारं आणि न बोलणारं मूल एकाच प्रबंधात सुखाने राहतात. न बसणारं मूलही राहतं, कारण तुम्ही त्याला बसवतच नाही. दहा मिनिटांचा घरचा खेळ चित्रित करता.

मोजायचं काय, हेही ठरवा. 'डोळ्याला डोळा भिडवणं' हे सोपं म्हणून निवडलं जातं. मला ते पटत नाही. काही ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघणं त्यांना त्रासाचं होतं आणि बघायला लावलं की बोलणं ऐकू येईनासं होतं. हात फडफडवणं थांबलं याला यश म्हणणंही तसलंच. मूल स्वतःहून काही मागतं का, नको ते नको म्हणून कळवतं का, कोणत्याही मार्गाने, शब्द, चित्र, खूण, ते मोजा. चित्रफिती दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात, आणि कोणती आधीची, कोणती नंतरची हे त्यांना माहीत नसावं. फिती तुमच्या मोबाईलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता कामा नयेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. संशोधनाला त्यात काही सवलती आहेत, पण गडबडलेल्या मुलाची फीत सेमिनारमध्ये दाखवायला त्या सवलती नाहीत असंच समजून चाला.

शेवटी कुटुंबाच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. एका पानाचा, मराठी किंवा हिंदीतला वृत्तान्त द्या. मूल काय करतं, कोणत्या खेळात खुलतं, घरी पुढे काय करता येईल, असा. स्कोअर देऊ नका, आणि 'संशोधनासाठी, निदानासाठी नव्हे' हे वर ठळक लिहा, नाहीतर तो कागद उद्या शाळेच्या फाईलमध्ये लागतो. ज्याचं निदान पक्कं झालेलं नाही त्याला मेडिकल, मेयो किंवा एम्सच्या बालरोग ओपीडीचं नाव आणि वार लिहून द्या. 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' एवढं म्हणून पाठवू नका. आणि गाईडशी मुलांच्या संख्येचं बोलणं सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे जाण्याआधीच उरका. मंजुरीनंतर रचना बदलली तर सुधारित प्रस्ताव पुन्हा कमिटीपुढे न्यावा लागतो, आणि तोवर उन्हाळा लागलेला असतो.